बाईसाहेबांची गाडी

आमचे घरमालक माणसांशी अरेतुरे करत आणि घोडीशी अहोजाहो. लोणावळ्यात त्यांच्याकडे खोली बघायला गेले त्या दिवशी फाटकातच घोडी आडवी उभी होती. आतून आवाज आला, "बाईसाहेब, जरा बाजूला होता का? ती पोरगी कधीची उभी आहे." घोडी शांतपणे मागे सरली आणि तिच्या आडून एक उंच, वाळकुडा म्हातारा पुढे आला. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, उजव्या पायात चप्पल आणि डाव्या पायात गुडघ्यापर्यंतचा गमबूट.

माझं गाव, जात, लग्न, नोकरी यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. त्यांना एकच गोष्ट हवी होती.

"कुकर लावतेस?"

"हो."

"मग सांगून लावायचा. न सांगता शिट्टी वाजली तर मला चालणार नाही."

याचा उलगडा मला खोलीत राहायला आल्यावर झाला. घोडी शिंगरू होती तेव्हापासून तिला सवय होती, की मालकाने हलकी शीळ घातली की तिने लघवी करायची. घोडेवाले लावतातच तशी सवय. पण तिला घरमालकांची, म्हणजे चाचांची शीळ आणि माझ्या कुकरची शिट्टी यातला फरक कळत नव्हता. तबेल्यात नवा पेंढा अंथरलेला असला की घोटाळा व्हायचा. म्हणून सकाळी मी खिडकीतून ओरडायची, "चाचा, भात लावते." मग ते घोडीला म्हणायचे, "चला, बाहेर व्हा जरा," आणि तिला मोरीपाशी नेऊन उभी करायचे. माझा भात आणि घोडीची सोय दोन्ही बरोबरच व्हायचं. हे सगळं मला इतकं अंगवळणी पडलं, की सुट्टीला घरी गेल्यावरही कुकर लावताना मी खिडकीकडे बघायची आणि आई विचारायची, कोण आलंय.

सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांचे वडील आणि आजोबाही घोडेवाले. हवा खायला आलेल्या लोकांची मुलं घोड्यावर बसवून फिरवायची, लग्नसराईत नवरदेवाला मिरवायचं, हा धंदा. एकदा मी त्यांना विचारलं, घोडीला अहो आणि मला अगं, हे कसं काय. ते तिच्या मानेला खरारा करत होते. हात न थांबवता म्हणाले, "तुला अगं म्हटलेलं आवडलं नाही तर तू मला दोन शब्द सुनावशील. फिटंफाट झाली. यांनी काय करायचं? ज्याला उलटून बोलता येत नाही त्याच्याशी आपण जपून बोलावं."

यात एक मेख होती. चाचा माणसावर रागावले की त्यालाही अहो म्हणू लागत. नळाचं पाणी वाया घालवणाऱ्या एका भाडेकरूला त्यांनी सबंध पावसाळा अहो म्हटलं होतं, आणि तो बिचारा इतरांना सांगत फिरायचा, की मालक मला फार मान देतात.

त्यांची दुसरी खोड म्हणजे हाताची मागची बाजू. चहा गरम आहे का, पाण्याची मोटर तापली का, भाडेकरूच्या कपाळाला ताप आहे का, सगळं ते उलट्या हाताने बघत. माझ्या मावसबहिणीला बघायला लोणावळ्याला माझ्याकडे पाहुणे आले होते, तेव्हा त्यांनी नवऱ्या मुलाशी हस्तांदोलन केलं आणि जाताजाता उलटा हात त्याच्या दंडालाही लावला. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "मुलगा बरा आहे. घाबरलेला आहे, पण तापट नाही." त्या दोघांचं आज उत्तम चाललं आहे.

मी नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात कामाला होते. यंत्रावर भाग कापताना तो जरासुद्धा हलू नये म्हणून त्याला पकडून ठेवणारे साचे असतात, ते आखायचं माझं काम. चाचांना ते फार आवडायचं. कुणी आलं की माझी ओळख करून देत, "ही वस्तू धरून ठेवायच्या नोकरीला आहे."

चाचांचा डावा पाय तरुणपणी एका बुजलेल्या घोड्याच्या टापेखाली सापडला होता. बोटं अशी जुळून आली होती, की कुठलीच चप्पल बसत नसे, म्हणून तो गमबूट. त्या पायाने गाडीचा क्लच दाबणं शक्यच नव्हतं, त्यामुळे गाडी चालवायचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. शनिवार-रविवारी ते घोडीला धरून टायगर पॉइंटचा चढ चालत जायचे. एका पावसाळ्यात गर्दीतल्या एका मोटारीचा कोपरा बाईसाहेबांच्या मागच्या पायाला लागून गेला. जखम फार मोठी नव्हती. पण चाचा घरी आले ते चिडूनच. चाचींनी जेवायला वाढलं तर ताट सरकवून म्हणाले, "त्या रस्त्यानं आता त्यांना पायी नेणार नाही."

तेवढ्यात एका बंगलेवाल्याने परदेशी जाताना आपली जुनी जीप चाचांना देऊन टाकली. त्याची मुलं बाईसाहेबांच्या पाठीवर बसून मोठी झाली होती. त्या जीपला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. चाचांनी तळेगावात एक दोनचाकी ट्रॉली करून घेतली, तळाला काथ्याची चटई घातली, बाजूंना जुन्या गाद्या शिवून लावल्या. त्यात घोडी उभी राहायची, पुढे जीप, आणि स्टिअरिंगला चाचा. लोणावळ्याच्या बाजारातून ही वरात निघाली की दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघत.

गाडी सपाटीला छान चालायची. पण रविवारी टायगर पॉइंटच्या चढाला मोटारींची रांग लागते, आणि घोडीचं ओझं मागे घेऊन त्या रांगेत इंचाइंचानं चढायचं म्हणजे जीपला झेपेना. करपल्यासारखा वास यायचा, इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी पुढे सरकायची नाही. चाचा उतरून बॉनेटला उलटा हात लावत आणि म्हणत, "ताप आहे हिला." तेव्हा गाडी अजून अरेतुरेतच होती.

कामशेतच्या मेकॅनिकने गाडीखाली शिरून बघितलं आणि हात पुसत सांगितलं, "चाचा, गाडीला काय न्हाई झालं. ह्या गाडीत गेर बदलायचं काम त्याल करतंय. त्ये लय तापलं का पातळ पडतं, मग गाडी वढत न्हाई. त्येला येगळा कूलर लावू. म्होरं जाळीच्या मागं बसतो. त्याल तितं जाणार, वाऱ्यानं गार व्हणार, न् परत खाली येणार."

कूलर म्हणजे ताटाएवढा एक छोटा रेडिएटर होता. पातळ पत्र्याच्या घड्या, त्यातून जाणारी नळी, आणि जोडायला दोन रबरी पाइप. मेकॅनिकने तो गाडीच्या मोठ्या रेडिएटरपुढे धरला आणि पत्र्याच्या घड्यांमधून आरपार प्लास्टिकच्या चार पट्ट्या ओवून आवळून टाकल्या. चाचांनी बोट लावून बघितलं. कूलर जरासा हलला.

"दुधाचा दात हलावा तसा हलतोय," चाचा म्हणाले.

"डब्यात ह्याच पट्ट्या येत्यात, चाचा. समदी असंच लावत्यात."

संध्याकाळी चाचांनी तो मला दाखवला. मलाही तो आवडला नाही आणि मी तसं म्हटलं. पण पुढच्या रविवारी गाडी न तापता चढ चढून गेली, त्याच्या पुढच्याही रविवारी गेली, आणि आम्ही दोघंही गप्प बसलो.

हिवाळ्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मैत्रिणीच्या भावाचं लग्न वडिवळ्याला होतं. वरातीला बाईसाहेब होत्या, म्हणून मीही चाचांच्याच गाडीतून गेले. घोडीला सजवून चाचा स्वतः लगाम धरून चालले होते. वाजंत्री जवळ आली की तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत, आणि ती नवऱ्या मुलाला घेऊन डुलत चालायची. दुपारची जेवणं उरकून आम्ही निघालो.

वडिवळ्याच्या धरणाकडून कामशेतकडे येणारा तो रस्ता तेव्हा अगदीच उखडलेला होता. खड्ड्यांमधून हेलकावे खात आम्ही एका चढाला लागलो आणि अर्ध्यावर इंजिनचा आवाज एकदम चढला. चाचांनी पाय दाबला तरी गाडी पुढे जाईना. उलट ट्रॉलीच्या वजनानं मागे सरकू लागली. त्यांनी ब्रेक दाबून धरला, हातब्रेक ओढला आणि मला म्हणाले, "उतर. चाकांमागं धोंडे लाव."

मी उडी मारून उतरले, कडेचे दगड उचलून आधी ट्रॉलीच्या आणि मग जीपच्या चाकांमागे सरकवले. तोवर चाचाही उतरले होते. मी मान वर केली तर ते ट्रॉलीखालून मागे गेलेल्या रस्त्याकडे बघत उभे होते. रस्त्यावर लालभडक धार होती. वळणापासून आमच्यापर्यंत, आणि ट्रॉलीखाली ओलं थारोळं.

"रक्त," ते म्हणाले.

गमबुटाचा पाय ओढत त्यांनी ट्रॉलीची फळी पाडली आणि आत शिरले. घोडीचा एकेक पाय वरून खुरापर्यंत चाचपला. पोटाखाली हात फिरवला. मांड्या बघितल्या. हात बाहेर काढून बघितले तर ते कोरडे होते. त्यांना खरं वाटेना. पुन्हा पुढच्या पायापासून त्यांनी सुरुवात केली. घोडी वैतागून मान झटकत होती आणि चाचा एकसारखे म्हणत होते, "कुठं लागलंय? सांगा ना, कुठं लागलंय?"

शेजारच्या खाचरात एक म्हातारे शेतकरी भाताच्या पेंढ्या रचत होते. ते बांधावरून उतरून आले. त्यांनी खाली बसून ते लाल बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं.

"भाऊ, रगत न्हाई ह्ये. त्याल हाय. तुमच्या गाडीचं हाय."

चाचा ट्रॉलीतून खाली आले. त्यांनीही बोट बुडवून बघितलं. गिअरचं तेल लाल असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही त्या क्षणी आठवलं नव्हतं. ते रस्त्याच्या कडेला बसले. बोटाला लागलेलं तेल गवताला पुसू लागले.

"गाडी मेली मग," मी म्हटलं.

"मरू दे," चाचा म्हणाले. "त्या बऱ्या आहेत ना?"

पुढची जाळी काढून बघितली तेव्हा सगळं कळलं. खड्ड्यांच्या हिसक्यांनी प्लास्टिकच्या पट्ट्या घड्यांच्या पत्र्यावर घासून तुटल्या होत्या. कूलर एका अंगाला लोंबला होता आणि मागच्या लोखंडी कडेवर घासून त्याच्या नळीला भोक पडलं होतं. तिथून सगळं तेल वाहून गेलं होतं.

त्या शेतकऱ्याला गावात आबा म्हणत. आबांनी जास्त काही विचारलं नाही. "जनावर आमच्या गोठ्यात बांधा. गाडी उद्या ट्रॅक्टरनं वढू," एवढंच म्हणाले. मी दुसऱ्या एका वऱ्हाडाच्या गाडीने परतले, चाचा मात्र तिथंच राहिले. दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा दोघांची चांगलीच गट्टी जमली होती. "आबा भला माणूस," ते चाचींना सांगत होते. "बैलाशी हळू बोलतो."

जीप बंद, म्हणून चाचांचे रविवार रिकामे झाले. पुण्याहून नाना पेठेतून नवा कूलर आला आणि तो आम्ही दोघांनी बसवायचा ठरवला. आमच्यात खरं भांडण झालं ते याच कामावरून.

चाचांनी तबेल्यातून एक तंग आणला. तंग म्हणजे खोगीर घट्ट बसावं म्हणून घोड्याच्या पोटाखालून आवळायचा चामडी पट्टा. त्याच्याबरोबर खोगिराखाली घालायच्या जाड लोकरी नमद्याचा एक तुकडाही होता.

"मागं नमदा द्यायचा, वरून तंग आवळायचा. आयुष्यभर मी माणसं बसवली यावर, एक पडला नाही."

मी म्हटलं, "चाचा, चामडं पावसात सैल पडतं. आणि नमदा पाणी धरेल. इथल्या पावसात त्याचं काय होईल?"

"सैल पडला तर आवळीन. घोडीचा रोज आवळतोच की."

"पण रोज आवळावंच लागू नये, असं बसवलं तर?"

ते तंगाचं बक्कल पुसत म्हणाले, "ज्या गोष्टीकडं रोज बघावं लागत नाही, ती गोष्ट मग आपली कसली?"

माझं सगळं शिक्षण आणि नोकरी याच विचारावर उभी होती, की वस्तू एकदा अशी बसवावी, की पुन्हा तिकडे बघायची गरज पडू नये. मी तसं सांगितलं. थोड्या चढ्या आवाजात सांगितलं असावं, कारण चाचा उठले आणि म्हणाले, "बसवा मग तुम्हीच. तुम्ही शिकलेल्या आहात."

'तुम्ही' ऐकून मी हातातला पान्हा खाली ठेवला. चाची ओट्यावर भाजी निवडत सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बसवायचं कसं ते नंतर भांडा. वारा कुठून लागणार याला? पुढं ती बंगलेवाल्याची पितळी पाटी आहे एवढी मोठी."

खरंच होतं. जाळीवर बंगलेवाल्याने हौसेने लावलेली मोठी पाटी नेमकी कूलरच्या समोर येत होती. चाचा पान्हा घेऊन मुकाट्याने ती पाटी काढायला बसले, मी दुसऱ्या बाजूचा नट धरला, आणि काम सुरू झालं.

मी लोखंडी पट्ट्या मापाने वाकवून आणल्या होत्या. रेडिएटर ज्या चौकटीत बसलेला असतो तिला भोकं पाडून त्या पट्ट्या बोल्टाने धरायच्या, आणि कूलरच्या बाजूला जे मजबूत कान असतात ते त्या पट्ट्यांना जोडायचे. पत्र्याच्या घड्यांना कशानेही हात लावायचा नाही. मोठ्या रेडिएटरमध्ये आणि कूलरमध्ये बोटभर फट. प्रत्येक बोल्टाला दोन्ही बाजूंनी रबर, आणि वर हिसक्यांनी सुटू नये असा आतून नायलॉनची कडी असलेला नट. जाड ट्यूबमधून रबराच्या चकत्या चाचांनी कापल्या, आणि इतक्या सुबक कापल्या, की मी बघत राहिले. खोगिराचं काम करणारा हात होता तो.

पहिला नट मात्र त्यांनी सगळा जोर लावून आवळला. रबर चेपून पापडासारखं झालं.

"चाचा, इतकं नको. रबर मेलं तर हिसका कोण खाणार?"

मला वाटलं, पुन्हा भांडण. पण ते थबकले, अंगठ्याने रबर दाबून बघितलं आणि एकदम हसले. "तंगाखाली दोन बोटं जायला पाहिजेत. नाहीतर पाठीला फोड येतो. हेच ना?"

"हेच."

"मग आधीच असं सांगायचं ना, वेडे."

अगंतुगं परत आलं आणि मला हायसं वाटलं. रबरी पाइप ओवताना त्यांनीच दाखवलं, की एका जागी पाइप पत्र्याच्या धारेवर टेकतोय. "लगाम असा दाताला लागला तर तोंड फाटतं," म्हणत त्यांनी तिथं जुन्या पाइपचा तुकडा चिरून गुंडाळला. इंजिन हलतं तेव्हा पाइप ताणू नयेत म्हणून त्यांना थोडी ढील ठेवली. शेवटी चाचांनी दोन्ही हातांनी कूलरच्या पट्ट्या पकडल्या आणि सगळं अंग टाकून हलवलं. कूलर जागचा हलला नाही. सगळी जीपच पुढेमागे डुलली, आणि तबेल्यातून बाईसाहेब खिंकाळल्या.

तेल भरलं, इंजिन चालू ठेवून जोडांखाली कागद धरला. कागद कोरडा राहिला. रोज सकाळी मात्र घोडीला खरारा झाला की चाचा बॉनेट उघडून पट्ट्यांना हात लावायचेच. मी कंपनीच्या बसला जाताना ते मला मुद्दाम हाक मारून सांगत, "बघितलं. घट्ट आहे." आणि मी म्हणायची, "असणारच."

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी बाईसाहेबांचं पोट दुखू लागलं. घोड्याचं पोट दुखणं हे साधं दुखणं नाही. त्याला उलटी होत नाही, आतडं अडकलं तर जनावर काही तासांत जातं. ती सारखी मान वळवून कुशीकडे बघत होती, पुढच्या पायाने जमीन उकरत होती. अंगाला घाम सुटला होता. सकाळपासून लीद पडली नव्हती. चाचा तिला अंगणात गोल गोल फिरवत होते, कारण आडवी होऊन लोळली तर आतड्याला पीळ पडतो. तळेगावच्या जनावरांच्या डॉक्टरांना मी फोन लावला. ते म्हणाले, "रस्ता तुंबलाय, मला वर पोचता यायचं नाही. आणता येत असेल तर इकडे आणा. तोवर खाली बसू देऊ नका."

बसू देऊ नका म्हणजे ट्रॉलीत कुणीतरी तिच्याबरोबर उभं राहायला हवं होतं. ते चाचांनाच जमणार होतं. चाचांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"चाचा, मी ट्रॉली लावून कधी चालवली नाही."

"गाडी सरळ आहे तुझ्यासारखी. हळू जा. ब्रेक एकदम दाबू नकोस, त्यांचा तोल जाईल."

चाची माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि आम्ही निघालो. परतीच्या गाड्यांनी जुना रस्ता भरून गेला होता. थांबायचं, दोन हात सरकायचं, पुन्हा थांबायचं. याच चालीने जीपचं तेल उकळायचं. मी तापमानाच्या काट्याकडे बघत होते, वास येतो का ते बघत होते, आणि मागून चाचांचा आवाज येत होता. "उभ्या राहा. थोडंच राहिलंय. नाही, नाही, बसायचं नाही. मी आहे ना." मध्येच ते घोडीशी बोलता बोलता मला विचारायचे, "गाडी तापली का गं?"

"नाही तापली."

"मग चल."

वलवण मागे पडलं. कार्ल्याच्या फाट्यापाशी रांग पूर्ण थांबली. मागे घोडीचे पाय दणादण आपटले आणि चाचांचं बोलणं बंद झालं. चाचींनी माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघीही मागे वळून बघायला धजावलो नाही.

मग चाचा हसत असल्याचा आवाज आला. मला आधी ते रडताहेत असंच वाटलं.

"पोरी, लीद टाकली," ते ओरडून सांगत होते. "टाकली त्यांनी."

मी उतरून मागे धावले. ट्रॉलीत चाचा हातात लिदीचा गोळा घेऊन उभे होते. उलट्या हाताने तो गरम आहे का बघत होते, आणि शेजारच्या मोटारीतल्या नटून बसलेल्या बायकांना काचेतून दाखवत होते. त्या बायका तोंडावर रुमाल धरून त्यांच्याकडे बघत होत्या. घोडी थकून चाचांच्या खांद्यावर मान टाकून उभी होती. पोटदुखीच्या घोड्याला गाडीचे हेलकावे कधीकधी औषधासारखे लागू पडतात, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी नळीने पोटात तेल सोडलं, कान-डोळे तपासले आणि संध्याकाळी घरी न्यायची परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भात लावायला उठले तर अंगणात चाचा जीपशी बोलत होते. बॉनेट उघडं होतं. "आज आराम करा," ते म्हणत होते. "काल फार दमलात." माझ्या पट्ट्यांनी ते सगळं निभावलं, की त्यांच्या रोजच्या हात लावण्याने, यावर आम्ही कधी वाद घातला नाही.

त्यानंतर चाचांनी बाईसाहेबांच्या पाठीवर कुणाला बसू दिलं नाही. त्यांचं वय झालं, म्हणाले. लोणावळ्याच्या तबेल्यात नुसतं उभं राहून त्या कंटाळतील म्हणून त्यांना वडिवळ्याला आबांकडे ठेवलं. तिथं कालव्याकाठी चरायला रान होतं. चाचा आठवड्यातून दोनदा जीप घेऊन जायचे, दिवसभर थांबायचे. माझी बदली झाली आणि मी लोणावळं सोडलं. फोनवर चाचा बोलायचे ते बाईसाहेबांच्या तब्येतीचंच. माझं विचारायला शेवटी आठवायचं. मागच्या वर्षी थंडीत ते गेले. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मला चाचींचा फोन आला तेव्हा दफनही होऊन गेलं होतं.

या वर्षी मी चाचींना भेटायला निघाले. त्या म्हणाल्या, "कामशेतला उतर, मी घ्यायला येते." मला वाटलं, रिक्षा घेऊन येतील. स्टेशनबाहेर ती जुनी जीप उभी होती आणि स्टिअरिंगला चाची. डोक्यावरून पदर, त्यावर स्वेटर, आणि नीट बघता यावं म्हणून खाली दोन उशा.

"कधी शिकलात?"

"त्यांनी शिकवलं. शेवटी शेवटी दिसत नव्हतं त्यांना. मग मी चालवायची आणि ते तुझ्या जागेवर बसायचे. खड्डा आला की मला ओरडायचे. दिसत नसून कसे कळायचे खड्डे, देव जाणे."

आम्ही अगदी सावकाश गेलो. मागे हॉर्न वाजत राहिले, चाचींनी लक्ष दिलं नाही. रस्ता आता चांगला झाला आहे. आबांच्या रानापाशी त्यांनी गाडी थांबवली. झाडाखाली घोडी होती. पाठ खोल गेलेली, डोळ्यांवर पांढरट सायीसारखं आलेलं. इंजिनचा आवाज ऐकून तिने मान वर केली, कान पुढे केले आणि हळूहळू चालत गाडीपाशी आली.

मी उतरले आणि दार लावायला वळले.

"लावू नकोस," चाची म्हणाल्या. "थोडा वेळ राहू दे उघडं. त्याच दारानं उतरायचे ना ते. ती येऊन बघते, मग चरायला जाते."

मी दार सोडून बाजूला झाले. घोडीने उघड्या दारातून मान आत घातली आणि सीट हुंगलं, पाठ टेकायची जागा हुंगली. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. चाची कालव्याच्या कठड्यावर बसून डबा उघडत होत्या, त्यांनी तिकडे बघितलंही नाही. मग घोडीने मान बाहेर काढली आणि वळून गवताकडे गेली, तेव्हा चाची म्हणाल्या, "हां. आता लाव."